अवसेचं व्होल्टेज

ईशानने मागच्या महिन्यात फोनवर विचारलं, "आजी, अॅम्प्लिफायरला ट्रान्सफॉर्मर कुठला घेऊ?" तो आणि त्याची बहीण मीरा राहतात तिकडे, आपल्याकडे रात्र असते तेव्हा दुपार असते. गॅरेजमध्ये बसून तो स्वतःच्या हाताने अॅम्प्लिफायर करतो आहे. तयार मिळत असताना हा उद्योग कशाला, असं मी विचारलं नाही. तसं विचारणारी माणसं माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी असायची. त्यांत मी कशाला भर घालू?

त्याला मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. त्याचं समाधान झालं, माझं झालं नाही. त्याच आठवड्यात आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाचे संपादक, म्हणजे खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर, 'माझी नोकरी' या विषयावर लेख मागायला आले. मी म्हटलं, "मी नोकरी केलेली नाही."

"मग काय केलंत?"

"ट्रान्सफॉर्मर."

त्यांनी वहीत ते टिपलं, आणि जरा थांबून विचारलं, "म्हणजे ते खांबावरचे?"

तेव्हा ठरवलं की ईशानला द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथेच लिहावं. जुळे सोलापुरातली मंडळी वाचतील, आणि मीराचं मराठी बरं आहे, ती भावाला वाचून दाखवील.

खांबावरचे मोठे असतात, तेलात बुडवलेले. माझे हातात मावायचे. रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर, अॅम्प्लिफायर यांच्या पोटात बसणारे. घरात येते ती वीज दोनशे तीस व्होल्टची. अॅम्प्लिफायरच्या आतले भाग एवढ्याने जळून जातील. त्यांना पंचवीस-तीस व्होल्ट पुरतात. या दोघांच्या मधे बसून मोठ्याचं लहान करून देतो तो ट्रान्सफॉर्मर. त्यात हलणारं काहीच नसतं. लोखंडी पत्र्यांची एक थप्पी आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यात वीज घालायची, दुसऱ्यातून काढून घ्यायची. दोन्ही तारा एकमेकींना कुठेही चिकटत नाहीत. पहिलीचे वेढे दुसरीच्या दसपट असले, तर दहा व्होल्ट घातल्यावर एक मिळतो. वीस घातले तर दोन. आत जास्त आलं की बाहेरही जास्त. ट्रान्सफॉर्मरला अक्कल नसते, फक्त प्रमाण असतं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या पूर्व भागाच्या तोंडाशी आमचं दुकान होतं, मागे घर. ईशान, मीरा, तुमचे आजोबा रेडिओ दुरुस्त करायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्याजवळ फिजिक्सची पदवी होती, सगळं शिक्षण इंग्रजीतून, आणि तिचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई पाहुण्यांना ती माझ्या उंचीसारखी सांगायच्या: आहे खरी, आता काय करणार. त्या काळी जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा भरून घ्यायला, म्हणजे नवी तार गुंडाळून घ्यायला, पुण्याला पाठवावा लागे. एकदा मी एक जळका ट्रान्सफॉर्मर स्वयंपाकघरात उघडून बसले, वेढे मोजले, पुस्तकातलं गणित मांडलं, आणि ते जुळलं. पुढच्या वर्षी दुकानात माझं टेबल आलं. तार गुंडाळायचं काम गफूरभाई करायचे. ते आधी मोटारी भरायचे, त्यांच्या हाताला तारेचा ताण कळायचा. गणित आणि गिऱ्हाईक माझ्याकडे.

गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "साहेब कुठं हायत?"

"साहेब रेडिओचे. ट्रान्सफॉर्मर माझे."

काही जण तरीही साहेबांची वाट बघत बसायचे. साहेब यायचे, ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हे बाईंना विचारा." तुमच्या आजोबांची ही गोष्ट मला आवडायची. ते हे कौतुकाने म्हणत नसत, त्यांना खरंच ठाऊक नसायचं.

करमाळ्याचे एक गृहस्थ जत्रेत लाउडस्पीकर लावायचे. ते ट्रान्सफॉर्मर घ्यायला आले की दोन्ही हातांत एकेक घेऊन डोळे मिटून उभे राहायचे आणि जड असेल तो घ्यायचे. गफूरभाई हसायचे. "बाईसाब, ये तो खरबूजा लेरैं." पण त्यात हसण्यासारखं फार नव्हतं. लोखंड आणि तांबं जितकं जास्त, तितका ट्रान्सफॉर्मर जास्त ताकद पुरवतो आणि थंड राहतो. ईशान, दुकानात शंका आली तर जड घे.

दुसरे एक चादरवाले. त्यांना बारा-झिरो-बारा दिला होता. यात तीन तारा बाहेर येतात, दोन कडेच्या आणि मधली शून्याची. ते परत आले, "वाजत न्हाय." पाहिलं तर मधली तार कापून वर टेप गुंडाळलेला.

"ही का कापलीत?"

"झिरो हाय न्हवं बाई? झिरोत काय असतंय? उगं लोंबकळत होती."

मी त्यांना समजावलं की ती मधली तारच बाकी दोघींचं मोजमाप ठरवते. त्यांनी मान डोलावली आणि गफूरभाईंना बाजूला घेऊन खात्री करून घेतली.

आता अवसेकडे येते. पूर्व भागात घराघरात माग होते, बहुतेक तेलुगू विणकरांचे. खाली माग, वर संसार. यंत्रमाग अखंड चालायचे, पाळ्या बदलायच्या, माग थांबायचे नाहीत. थांबायचे ते अमावास्येला. ती मागांची सुट्टी, आधीच्या पिढ्यांपासूनची. आमच्या दुकानात जळके रेडिओ महिनाभर तुरळक यायचे आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी रांगेने यायचे. घरातल्या बायका म्हणायच्या, अवस वाईटच. मला ते पटत नव्हतं आणि रेडिओ तर येत होते. मग एका अवसेला मी दुकानाच्या प्लगला व्होल्ट मोजायचा मीटर लावून ठेवला, आणि उत्तर मिळालं.

मागांच्या मोटारी चालू असल्या की गल्लीतलं व्होल्टेज खाली ओढलं जातं. दोनशे तीसचं दोनशे, कुठे एकशेऐंशी. तक्रारी झाल्या की वीजवाले खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून व्होल्टेज वर चढवून ठेवायचे, म्हणजे एवढं ओढूनही लोकांपर्यंत काहीतरी पोहोचावं. मग अवसेला सगळे माग एकदम थांबत. रस्सीखेचीत समोरच्यांनी दोर सोडला तर आपलं काय होतं? तेच व्होल्टेजचं व्हायचं. ओढणारं कोणी नाही, आणि चढवलेलं तसंच चढलेलं. दुकानात आम्ही त्याला अवसेचं व्होल्टेज म्हणायचो. हा शब्द तुम्हाला कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला वॉट किती, व्होल्ट किती याच्या आधी विचारायची: वाजणार कुठे आणि कुठल्या दिवशी?

अंबादास आला तो अशाच एका अवसेनंतर. तो एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग लावून देणारा. तिशीचा, तेलाने काळी झालेली नखं, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायची सवय. मागाच्या आवाजात काम करणाऱ्या सगळ्यांना ती असते. टॉवेलमध्ये गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर त्याने माझ्या टेबलावर ठेवला. वास उघडायच्या आधीच आला.

"अक्का, ह्यो भरून द्या. पर आता एकशेसाठवर भरा."

"एकशेसाठ कोणी सांगितलं?"

"माझं मीच काढलं की. वायरमनचा मीटर आनून लावला घरात. एकशेऐंशी येतंय. म्हनून दुसरीकडनं एकशेऐंशीवर भरून घेतलावता. तरी जळला. म्हंजी आनि खाली जायाला पायजे."

एकशेऐंशीवर भरणं म्हणजे काय, ते सांगते. घरात एकशेऐंशीच येतात असं धरून वेढे असे घालायचे, की तेवढ्यातही अॅम्प्लिफायरला त्याचे पंचवीस पुरे मिळावेत. त्याचं गणित बरोबर होतं.

"मीटर कधी लावला होता?"

"पाळीवरनं आल्यावर. सांजच्याला."

"माग चालू होते?"

"आमच्या गल्लीत मानूस झोपतंय अक्का, माग न्हाय झोपत."

"आणि जळला कधी?"

"अवसेला. भजनाच्या टायमाला. आदल्या दिवशी घरात वाजवून बघितलावता, झकास वाजत होता."

आतल्या दारातून सासूबाई म्हणाल्या, "अवसेला नवी वस्तू लावतात का कुणी?"

अंबादास त्यांच्याकडे वळून नम्रपणे म्हणाला, "आजी, आमच्या गल्लीत भजन अवसेलाच असतंय. बाकीच्या दिवशी कुनाला ऐकू येनार?"

सासूबाईंचा शकुन आणि माझा मीटर यांचं एकमत झालेलं मी तेवढ्या एकाच वेळी पाहिलं.

मग त्याने सगळं सांगितलं. त्याचे वडील राजय्या, त्याच्या तेलुगूत नायना, हे त्या भजनाचे जुने टाळकरी. पहिली ओळ ते उचलायचे. आयुष्य मागावर गेलं आणि कान गेले. आधी लहान मुलांचं बोलणं ऐकू येईना, मग बायकांचं. भजनात त्यांचा टाळ मागे पडू लागला. सम निघून जायची आणि मग यांचा टाळ वाजायचा. कोणी रागावलं नाही, पण पोरं हसली. राजय्यांना हसणं ऐकू आलं नाही, दिसलं. त्यांनी टाळ खुंटीला लावला आणि अवसेच्या संध्याकाळी घराबाहेर पडणं बंद केलं.

"भाड्याचा लाउडस्पीकर आनून बघितला," अंबादास म्हणाला. "कर्ण्यातनं नायनाला नुसती करकर येती म्हनला. म्हनून पेटीतला स्पीकर करायलोय. एक पेटी लोकास्नी, एक त्याच्या शेजारी. मासिकातनं सर्किट काढलंय. त्यादिवशी नायना म्होरंच बसलावता. सुरुवात झाली आनि फाट्कन आवाज झाला, धूर. त्याला आवाज आला न्हाय, वास आला. उठला आनि घरी गेला."

"आता परत येतील?"

"एकडाव येतो म्हनलाय. लई मागं लागलो तवा. ह्येबी जळलं तर परत नाव काढू नको म्हनलाय."

मी त्याला सांगितलं की मी एकशेसाठवर भरणार नाही, आणि येत्या अवसेला त्याच्या घरी येऊन मीटर लावल्याशिवाय कशावरच भरणार नाही. प्रत्येक गल्लीची अवस वेगळी असायची. खांबापासून घर किती लांब, मधे माग किती, यावर ते अवलंबून. त्याला ते आवडलं नाही. "म्हंजी आनि एक म्हयना?" म्हणत त्याने टॉवेल झटकला. पण जळका ट्रान्सफॉर्मर टेबलावर ठेवून गेला, त्यावरून त्याचा होकार मी समजले.

अवसेला दुपारी मीटर पिशवीत घालून मी त्याच्या गल्लीत गेले. एरवी त्या गल्लीतून जाताना पायाखालची फरशी थरथरायची आणि दोन माणसं शेजारी उभी राहून ओरडून बोलायची. त्या दिवशी मला कळलं की तिथे चिमण्याही आहेत. दारातल्या दोघी बायका नेहमीच्या सवयीने मोठ्याने बोलत होत्या आणि मधेच स्वतःच दचकून आवाज खाली आणत होत्या.

राजय्या ओट्यावर बसले होते. सडसडीत, पांढऱ्या मिशा. मीटर आणि पिशवी बघून त्यांनी मला थांबवलं.

"बिल भरलंय बाई. लाईट तोडू नका."

अंबादासने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तेलुगूत काहीतरी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"ट्रान्सफॉर्मरवाली व्हय?" आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "ह्यो माझ्यासाठी करायलोय म्हनतोय. खरं न्हाय. ह्येला नाद हाय. माझं निमित्त."

अंबादासने मान खाली घातली. मी म्हटलं, "दोन्ही खरं असेल." ते राजय्यांना ऐकू गेलं नाही आणि मी पुन्हा सांगितलं नाही.

मीटरचा काटा दोनशे साठवर जाऊन थांबला. अंबादासने काचेवर टिचकी मारली. काटा तिथेच.

"बिघडलाय का ह्यो?"

"बल्ब लाव."

बल्ब पांढराफटक पेटला. त्याने डोळ्यांवर हात आडवा धरला. मग म्हणाला, "अवसेला उजेड जास्त पडतोय, ते मला दिसत होतं अक्का. मला वाटायचं, सुट्टी हाय म्हनून बरं वाटतंय."

त्याचा ट्रान्सफॉर्मर एकशेऐंशीला पंचवीस देणारा होता. दोनशे साठला त्याने छत्तीस दिले. ट्रान्सफॉर्मरला प्रमाण तेवढं कळतं, असं मी वर म्हटलं ते यासाठी. अॅम्प्लिफायरमधले कपॅसिटर फुटले, त्यांच्यामागून ट्रान्झिस्टर गेले, आणि या सगळ्याचा भार येऊन शेवटी ट्रान्सफॉर्मर जळला. एकशेसाठवर भरला असता तर पहिल्या ओळीपर्यंतही टिकला नसता. अंबादासची चूक हिशेबाची नव्हती. त्याने रोजचा दिवस मोजला आणि सुट्टीच्या दिवशी वाजवलं.

खरी निवड इथून पुढे सुरू झाली. एक मार्ग बटणाचा होता. ट्रान्सफॉर्मरला दोन जोडण्या काढायच्या, रोजची एक आणि अवसेची एक, बटण फिरवलं की बदल. अंबादासला तो फार आवडला. मी नको म्हटलं. असे बटणवाले मी बरेच दिले होते. लोक एकदा रोजच्यावर लावत आणि बटण आहे हे विसरून जात. ज्या वस्तूचं जळणं न जळणं कोणाच्या तरी आठवणीवर अवलंबून आहे, ती वस्तू मी राजय्यांसमोर ठेवणार नव्हते.

दुसरा मार्ग असा, की दोनशे साठलाच पंचवीस व्होल्ट मिळतील असा भरायचा. अवसेला पुरेपूर, बाकीच्या दिवशी कमी.

"म्हंजी घरात वाजवून बघताना आवाज बारका येनार," अंबादास म्हणाला.

"हो. आणि अवसेला सर्किटात लिहिलाय तेवढाच येईल, त्याहून जास्त नाही."

"अक्का, समोर बहिरा मानूस बसनार हाय. आवाज कमी करून कसं चालंल? मोठा पायजे, लई मोठा."

मी त्याला सांगितलं की वॉट अर्धे झाले म्हणून कानाला आवाज अर्धा वाटत नाही, जेमतेम एक पायरी उतरल्यासारखा वाटतो. हे पुस्तकात आहे आणि खरं आहे. पण ज्याचे वडील घरात बसून आहेत त्याला पुस्तकातलं सांगून उपयोग नसतो. तो म्हणाला, "तुमी म्हनताय तर." याचा अर्थ पटलेलं नाही.

पत्र्यांची थप्पी मी गरजेपेक्षा एक माप मोठी घेतली आणि व्होल्टमागे वेढेही जास्त दिले. व्होल्टेज चढलं की लोखंडावर ताण येतो, ते तापतं आणि गुरगुरायला लागतं. मोठं असलं आणि वेढे जास्त असले की शांत राहतं. गफूरभाईंनी तार गुंडाळता गुंडाळता हात थांबवला. पत्र्यांच्या मधल्या ज्या जागेत तार बसते तिला ते खिडकी म्हणायचे.

"बाईसाब, खिडकी भर गयी. और तार बैठती नै."

"कागद पातळ लावा."

"कागज पतला, तार जादा. दुल्हन के सूटकेस जैसा कररैं तुमे." पण बसवली.

तयार झालेला ट्रान्सफॉर्मर तपासायचा कसा? दुकानात रोज दोनशेच्या आसपास व्होल्टेज, आणि आम्हाला हवे होते दोनशे साठ. त्यासाठी आमची एक युक्ती होती. दुसरा एक ट्रान्सफॉर्मर मधे अशा तऱ्हेने जोडायचा की त्याचे व्होल्ट घरच्या व्होल्टात मिळवले जातील. मी म्हणायची, "गफूरभाई, अवस पाडा," आणि ते जोडणी करायचे. अंबादासला हे दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. "तुमच्याकडं कवाबी पडती व्हय?" त्याचा दुरुस्त केलेला अॅम्प्लिफायर जोडून आम्ही दुपारभर अवस पाडून ठेवली. ट्रान्सफॉर्मर हाताला कोमट लागत होता, त्याच्या वर गेला नाही. अंबादास मात्र आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवून बघत होता, आणखी थोडं फिरतंय का म्हणून.

पुढच्या अवसेला तुमचे आजोबा आणि मी भजनाला गेलो. गल्लीतलं छोटं देऊळ, समोर मांडव, सतरंज्या. स्पीकरची एक पेटी लोकांकडे तोंड करून, एक राजय्यांच्या उजव्या हाताला. राजय्या आले. टाळ आणला नव्हता. हात मांडीवर ठेवून ते पेटीकडे न बघता समोर बघत बसले. लोकही त्यांच्याकडे न बघण्याची काळजी घेत होते.

अंबादासने अॅम्प्लिफायर लावला. काही फुटलं नाही, धूर आला नाही. माईकवर कोणी यायच्या आधीच राजय्यांनी मान वळवली.

"माग कुनाचा चालू हाय?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. अवसेला माग चालवणं म्हणजे गल्लीशी भांडण. कोणीतरी त्यांच्या कानात ओरडलं, "कुनाचाबी न्हाय."

"चालू हाय. मला ऐकू यायलंय."

दोन म्हातारे एकमेकांकडे बघून हसले, आणि राजय्यांनी ते पाहिलं. गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले. अंबादास अॅम्प्लिफायरजवळ तसाच उभा होता.

मी पेटीजवळ जाऊन कान लावला. आत अगदी बारीक घूं असा आवाज होता, विजेचा. मांडवातल्या कोणालाही तो ऐकू येण्यासारखा नव्हता. मागाच्या आवाजाने कान जातात ते वरच्या पट्टीचे. मुलांचे, बायकांचे, टाळांचे आवाज आधी जातात, खर्ज राहतो. बाकीच्यांचं लक्ष बडबडीत होतं, आणि राजय्यांच्या कानात त्या खर्जाखेरीज दुसरं काही नव्हतंच.

"बसा," मी त्यांना हाताने खूण केली. "आहे. चालू आहे." आणि पेटीकडे बोट दाखवलं.

ते उठता उठता थांबले. कोणीतरी त्यांना 'आहे' म्हणालं, ही गोष्ट बहुधा बऱ्याच दिवसांनी घडली होती.

ट्रान्सफॉर्मर शांतच होता, पण त्याच्याभोवती जे अदृश्य चुंबकीय क्षेत्र असतं ते माईकच्या बाजूच्या तारेला लागत होतं. अंबादासने डबा आटोपशीर व्हावा म्हणून दोन्ही जवळ बसवले होते. मी म्हटलं, "बंद कर, स्क्रू सोड, आणि ट्रान्सफॉर्मर काटकोनात फिरव." वीज बंद करून त्याने ते केलं. त्याचे हात मागावर चालतात तसे भराभर चालले. पुन्हा वीज लावली. सगळे राजय्यांच्या तोंडाकडे बघत होते.

त्यांनी थोडा वेळ मान तिरकी करून ऐकलं.

"थांबला," ते म्हणाले.

मग भजन सुरू झालं. तेलुगू मला येत नाही, त्यामुळे शब्दांच्या बाबतीत त्यांची आणि माझी अवस्था सारखीच होती. त्यांनी नंतर सांगितलं, "बोल कळत न्हाईत बाई. चाल कळती." व्होल्ट, वॉट, लोखंड, तांबं, सगळं मोजून झालं होतं, कानाच्या गेलेल्या पट्टीवर इलाज मात्र माझ्या टेबलावर नव्हता. पण मृदंगाचा खर्ज त्या पेटीतून त्यांच्यापर्यंत पोहोचत होता. दुसऱ्या भजनाला त्यांचं बोट मांडीवर हललं. तिसऱ्याला शेजारच्याने न विचारता आपले टाळ त्यांच्या पुढ्यात सरकवले. त्यांनी ते उचलले, एक आवर्तन नुसतंच धरून ठेवले, आणि पुढच्या समेवर वाजवले. समेवरच.

अंबादास बटणाशी बसला होता. माझ्यावर त्याचा अजून विश्वास नव्हता. प्रत्येक भजनाला तो आवाज थोडा थोडा वाढवत होता. चौथ्या भजनाच्या मध्यावर राजय्यांनी टाळ थांबवले, मान वळवली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं पोराला म्हणाले,

"कमी कर की रे. मी काय बहिरा हाय?"

कोणी हसलं नाही. अंबादासने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि बटण मागे फिरवलं.